अक्कांचा नकार

गेल्या महिन्यात शिंदखेड्याकडच्या एका गावातून सुनंदाचा फोन आला. "भाऊ, आत्याबाई गयात..." गयात, म्हणजे वारल्या. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, आमच्या सखूअक्का.

नातं म्हणाल तर काहीच नाही. एका संस्थेने त्यांच्या गावात प्रयोग केला होता: प्रत्येक मोठ्या माणसाच्या खात्यावर दरमहा सारखीच रक्कम, कसलीही अट नाही. लोक तिचं काय करतात हे घरोघर विचारत फिरायचं, ही माझी नोकरी. अट नाही, हे अक्कांच्या पचनीच पडेना. "मंग काम काय करनं पडी?" काहीच नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून बाई शाळेचं अंगण झाडायला लागल्या. त्यांचा झाडू थांबवायला मला दोन महिने लागले.

मग पावसाळ्यात त्या शेतमालकाच्या रानात निंदणीला जायच्या बंद झाल्या. मी फॉर्मवर 'कामाचे दिवस घटले' असं लिहून मोकळा झालो. धुळ्याच्या बैठकीत संस्थेच्या साहेबांनी नेमकं तेवढंच उचललं. बघा, आयता पैसा मिळाला की माणसं आळशी होतात, प्रयोग पुढे कशाला न्यायचा? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच गावी गेलो आणि अक्कांना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. "तू लिखं ते खरं शे. पन मी का गयी नही, ते इचारं का?"

गुडघा सुजला होता. इतकी वर्षं अंगात ताप असला तरी मालकाचा माणूस दारात आला की त्या निघायच्या. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, ही धास्ती. त्या वर्षी खात्यावर पैसे येत होते, म्हणून पहिल्यांदा नाही म्हणाल्या, आणि सूज उतरल्यावर पुन्हा कामाला गेल्या. कसला आळस आणि कसलं काय. विचारायचं तर मीच राहिलो होतो.

हे सगळं मी लिहून दिलं. तरी प्रयोग बंदच झाला. ते सांगायला गेलो तेव्हा माझी मान वर होईना, आणि अक्कांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. "जेवी ले पहिले." 

दहाव्यानंतर गेलो होतो. ओट्यावर बसलो होतो तेवढ्यात मालकाचा माणूस कापूस वेचायला बोलवायला आला. सुनंदाचं अंग तापलेलं. खात्यावर पैसे येणं बंद होऊन वर्ष झालेलं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "आज मी येत नही," म्हणाली आणि आत जाऊन पडली. अक्का होत्या तोवर ती असं कधी बोलली नव्हती; या घरात असं फक्त अक्काच म्हणाल्या होत्या.