मी ओतून टाकलेलं पाणी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा हसते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. "अचानक गार वारा सुटला" असं कुणी लिहिलं की मी आधी खिडकी कुठे होती ते विचारते. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण एक गोष्ट साठ वर्षं घशात अडकून बसली आहे... आता वय झालं, म्हणून लिहून टाकते.

आम्ही बेंगळूरचे जुने मराठे. घर चिकपेटेत, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. माझा थोरला भाऊ, अण्णा, एका कारखान्यात फिटर होता. तिथल्या सहा-सात जणांना पायी भटकायचं वेड होतं. ट्रेकिंग वगैरे शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचले नव्हते. दर वर्षी उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आधी, झाडांना कोवळी पालवी फुटली की ही मंडळी बेंगळूरहून चालत निघायची – सावनदुर्ग, मागडी, मग शिवगंगे. चार दिवसांची वाट, बरीचशी गुराख्यांच्या पायवाटांवरून. नियम एकच, पण कडक. कॅनव्हासची मोठी छागल पाण्याने भरून रोज एकाने खांद्याला लावायची, आणि ज्याच्याकडे छागल त्याने सगळ्यात शेवटी चालायचं. म्हणजे मागे पडलेल्याला पाणी हमखास मिळायचं.

साठ साली, तिसऱ्या दिवशी, मागडी सोडल्यावर अण्णाचा पाय मुरगळला. तो बाकीच्यांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, पाणी मागून येतंच आहे. त्या दिवशी छागल खंडोजीरावांकडे होती. हे कारखान्यात अण्णाचे सुपरवायझर. संध्याकाळी लोक शोधत मागे आले तेव्हा अण्णा एका बाभळीखाली मरून पडला होता. उन्हाने गेला. चोवीस वर्षांचा होता.

तेराव्याला खंडोजीराव घरी आले आणि आईसमोर रडले. म्हणाले, मी शेवटीच होतो हो, अण्णाच हट्टाने वाट सोडून शॉर्टकट शोधायला गेला असणार. आईने ते खरं मानलं. काही महिन्यांनी सरोजाबाईंनी – त्याही त्या वाटेवर होत्या – मला बाजूला घेऊन सांगितलं की खंडोजीराव दुसऱ्याच पायवाटेने सगळ्यांच्या आधी पुढच्या देवळात पोचले होते. सरोजाबाई त्या दिवशी सगळ्यांच्या जरा पुढे होत्या, त्यांनी लांबून पाहिलं: ते पाय पसरून बसले होते, शेजारी भरलेली छागल. बाकीच्यांचे आवाज आल्यावर ते मागून वळसा घालून शेवटचे म्हणून आले. सरोजाबाईंचा नवरा त्यांच्याच हाताखाली कामाला, त्यामुळे त्या उघड बोलणार नव्हत्या. मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, आपल्यासाठी रडलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. अण्णा होताच हट्टी.

तेव्हाच मी ठरवलं. खरं काय ते या माणसाच्या तोंडून वदवायचं, आणि आईच्या पुढ्यात.

पुढच्या वर्षी मीही येते म्हटलं. एकवीस वर्षांची होते. सगळ्यांना वाटलं, बिचारी भावाची जागा बघायला येतेय. तिसऱ्या दिवसाची छागल मी मागून घेतली. खंडोजीरावांनी माझं कौतुकसुद्धा केलं.

मागडीच्या विहिरीवर छागल भरली. नऊच्या सुमारास सगळ्यांना पाणी पाजलं, घरून नेलेला चिंचेचा भात वाढला. खंडोजीरावांच्या वाट्यात मी जास्तीचं मीठ कालवलं होतं. पोरकटपणा वाटेल, पण त्या दिवशी मला काहीच सोडायचं नव्हतं. मग एका आटलेल्या तळ्यापाशी मुद्दाम मागे राहिले आणि उरलेलं सगळं पाणी ओतून दिलं. छागल पिळून काढली. ते पाणी जमिनीत जिरताना बघून मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

पुढच्या थांब्यावर सगळ्यांसमोर खंडोजीरावांना म्हटलं, अण्णा कुठे सापडला ती जागा मला दाखवा. चारचौघांत त्यांना नाही म्हणता येईना. बाकीचे पुढे गेले.

तिथे पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. लांब कुठेतरी पळस फुलला होता, बाकी नुसता तापलेला खडक. ते बाभळीखाली टेकले आणि पाणी मागितलं. मी म्हटलं, आधी सांगा, त्या दिवशी छागल कुठे होती? ते हसले. मग चिडले. उठून निघाले, पण चढ होता; दहा पावलांवर परत बसले. तासभर मी नुसती बघत उभी राहिले. माझीही जीभ टाळ्याला चिकटली होती, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. हळूहळू त्यांचे ओठ पांढरे पडले.

"स्वल्प पाणी दे गं, पोरी," ते म्हणाले. "सांगतो. तुझ्या आईसमोर सांगतो. त्या दिवशी मी..."

इथे मी चुकले. गप्प राहायला हवं होतं. पण तो माणूस हादरलेला बघायची मला इतकी घाई झाली की मी छागल खांद्यावरून काढली, बूच काढलं आणि त्यांच्या तोंडासमोर उलटी धरली.

"पाणी नाही," मी म्हटलं. "त्यालाही नव्हतं."

आणि पाणी आलं.

धार लागली... चांगली बोटभर जाड. त्यांनी ओंजळ धरली. सात-आठ ओंजळी ते प्यायले, तोंड धुतलं, मानेवर पाणी मारलं. एवढा वेळ माझ्या हातात छागल रिकाम्या पिशवीइतकीच हलकी होती. त्यांचं झाल्यावर मी ती माझ्या तोंडाला लावली. एक थेंब नाही. आत बोटं घातली तर कापड कोरडं खडखडीत.

खंडोजीरावांनी मिशा पुसल्या. चेहऱ्यावर रंग परत आला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अण्णा हट्टी होता गं. काय करणार." आणि चढाला लागले.

सरोजाबाई म्हणाल्या, पाणी दुमडीत राहिलं असेल. घरी येऊन मी त्याच छागलीची प्रत्येक दुमड पाण्याने भरून मोजून पाहिली. अर्धी वाटी भरली. उन्हाने मला भास झाला म्हणावं, तर ते संध्याकाळपर्यंत ओल्या शर्टाने चालले ते पाच जणांनी पाहिलं. स्पष्टीकरण मला तेव्हा सापडलं नाही आणि आजही सापडलेलं नाही. खंडोजीराव नातवंडांत रमून, पिकल्या वयात, अंथरुणावर गेले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढू दिला नाही.

नात म्हणते, आजी, मामाआजोबांनीच पाणी दिलं असेल... ते चांगले होते ना. असेलही. मग अण्णा, तुला एवढंच सांगते. तो माणूस बोलणार होता. अजून दोन शब्द, आणि तुझ्यावरचा बोल पुसला गेला असता. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि रोज दिवा लावताना म्हणायची, माझा पोरगा स्वतःच्या हट्टापायी गेला. खंडोजीरावांवरचा माझा राग त्यांच्याबरोबर जळून गेला. तुझ्यावरचा अजून गेलेला नाही.