भावोजींची अंड्यासारखी शेगडी

माझ्या बहिणीचे यजमान बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलरवर साहेब आहेत. त्यामुळे विस्तवातलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. एका रविवारी त्यांनी केळव्याला आमच्या वाडीत सिरॅमिकची एक शेगडी आणली. चांगली कमरेएवढी, अगदी अंड्यासारखी. सगळ्यांना गोळा करून त्यांनी व्याख्यान दिलं. कोळसे फुलले की झाकण लावायचं, खालचं आणि वरचं भोक बोटभर उघडं ठेवायचं, की आच आपल्या मुठीत.

एवढं सांगून हे गृहस्थ घडीघडी झाकण उचलून आत डोकावू लागले. उचललं की वारा शिरायचा आणि कोळसे भडकायचे.

"जावयबापू, सारखं काय बघता? आग काय पलून जाते?" आई म्हणाली.

भावोजी तिच्याकडे बघून कीव केल्यासारखे हसले आणि त्यांनी पुन्हा झाकण उचललं.

आत भाजायला ठेवलेल्या सुरमईचा कोळसा झाला, तेव्हा घाबरून त्यांनी चुलीतलं लाकूड विझवावं तसं तांब्याभर पाणी आत ओतलं. लालबुंद तापलेली शेगडी ताडकन उभी तडकली.

"इथली हवाच खारी," साहेब म्हणाले. तो बॉयलर अजून जागेवर आहे, हे कारखान्याचं नशीब!

शेगडी आमच्याच गळ्यात टाकून ते गेले. हल्ली तिच्यात आमची कोंबडी अंडी उबवते. ती घडीघडी उठून बघत नाही.