अहिल्या बहनजींना उठवलं नाही

प्रमोदिनी भागवतनं तीस वर्षं झाशीच्या पोस्टात काउंटर सांभाळलं होतं, पण एका जेवणानं तिचा जीव जितका मेटाकुटीला आणला, तितका कुठल्याच रांगेनं आणला नव्हता.

शाळेतले सात वर्गमित्र परदेशातून येणार होते, सगळे सत्तरीला टेकलेले. गावात उरलेली ती एकटीच, म्हणून सगळी व्यवस्था तिच्याकडे आली. तारीख तीनदा बदलली. कमलिनीला तूप चालत नव्हतं, श्रीकृष्णला गहू. प्रमोदिनीनं सगळं निमूट ऐकलं. अट एकच घातली: शाळेत गणित शिकवणाऱ्या अहिल्या बहनजी जेवायला येतील, तेव्हा साडेबाराला हजर राहायचं. नव्वदी ओलांडलेल्या बहनजींना औषधांमुळे वेळेवर जेवावंच लागे.

त्या दिवशी बहनजी पावणेबारालाच सिव्हिल लाइन्समधल्या हॉटेलात येऊन बसल्या. कडक इस्त्रीची साडी, पावडर लावलेला चेहरा, नजर दाराकडे.

एक वाजला तरी कुणी येईना. प्रमोदिनीनं फोन लावला.

"अगं, आम्ही इथंच जवळ ओरछ्याला आहोत," श्रीकृष्ण म्हणाला. "गाडी होतीच, म्हटलं देऊळ बघून घ्यावं. बस, निकल ही रहे हैं!"

"बहनजी बसल्यात, श्रीकृष्ण."

"हो हो, अर्ध्या तासात पोचतो."

दीड वाजता बहनजींचे हात थरथरू लागले. "मुलं येऊ देत ना," असं त्या म्हणत होत्या, तरी प्रमोदिनीनं हट्टानं त्यांना वरणभात भरवला. दोन घास जास्तच गेले असावेत. त्या खुर्चीतच झोपी गेल्या.

अडीचला सगळे हसत-खिदळत आले. श्रीकृष्ण थेट बहनजींच्या खुर्चीमागे गेला आणि त्यानं फोन उंच धरला. "या सगळे, जरा वाकून उभे राहा."

प्रमोदिनीनं फोनवर हात ठेवला. "झोपलेल्या बाईंचा फोटो काढायचा नाही."

"मग उठव ना! सव्वाचारची गाडी आहे आमची."

"नाही उठवणार."

"प्रमोदिनी, इतक्या लांबून आलोय आम्ही."

"ओरछ्याहून," ती म्हणाली.

गार झालेलं जेवण सगळ्यांनी खाली मान घालून उरकलं. टेबलावर चॉकलेटचे डबे आणि एक शाल ठेवून साडेतीनला ते निघाले. एकटा रघुनाथ मागे राहिला. "मी उद्या जाईन," एवढंच तो म्हणाला.

बहनजींना चार वाजता जाग आली. रघुनाथनं पायांना हात लावून नाव सांगितलं. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारलं, "बाकीचे?"

प्रमोदिनीला खोटं बोलवेना. "आले होते. उशिरा आले, गेले. मीच तुम्हाला उठवू दिलं नाही."

"उठवायचं होतंस गं," बहनजी म्हणाल्या. "नुसतं बघितलं असतं मी त्यांना."

दिवसभर त्या सहा जणांवर धुमसणारा राग प्रमोदिनीनं आता कुणावर काढायचा?

"उद्या मी सगळ्यांना व्हिडिओवर आणतो," रघुनाथ घाईनं म्हणाला.

"येतील तेव्हा खरं," प्रमोदिनी फणकारली.

"किती वाजता?" बहनजींनी विचारलं.

"दहाला," प्रमोदिनी म्हणाली, आणि चरफडतच तिनं श्रीकृष्णचा नंबर लावला.