मूसने बोलायचं नसतं

काकूंनी मला मिठी मारली तेव्हा मी मूस होते.

मूस म्हणजे इथलं मोठ्या शिंगांचं जनावर. आमच्या गावच्या बेसबॉल टीमचं चिन्ह. मॅच चालू असताना कोणीतरी मूसचा ड्रेस घालून नाचायचं, पोरांशी हात मिळवायचे, लोकांसोबत फोटो काढायचे. ते कोणीतरी म्हणजे मी. डोक्यावर शिंगांसकट भलं मोठं मुंडकं. बाहेर बघायला तोंडाच्या जागी जाळी. आत घाम. पहिल्याच दिवशी ट्रेसीने, म्हणजे ऑफिसच्या मॅनेजरने, दोन नियम सांगितले होते. लोकांसमोर मुंडकं काढायचं नाही. आणि मूसने बोलायचं नसतं.

जुलैतला रविवार. दुपारची मॅच. सातव्या इनिंगचा ब्रेक झाला आणि मी पहिल्या रांगेपुढे जाऊन उभी राहिले. रांगेत डॉक्टरकाका, काकू आणि मिसिसागाहून आलेली काकूंची मैत्रीण. मी काकूंच्याच बेसमेंटमध्ये राहत होते. पण मुंडक्याच्या आत मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. टीमच्या ऑफिसात काम करते, एवढंच मी सांगितलेलं. एम.कॉम. झालेली पोरगी शिंगं लावून नाचते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मैत्रिणीने विचारलं, "बेसमेंटमध्ये कोण आहे सध्या?"

"आहे एक मुलगी. वर्ध्याकडची." काकू पॉपकॉर्न खात होत्या. "बोलायला गोड आहे, म्हणून आधी कळलंच नाही गं. मग तिचं पत्र आलं, त्यावर आडनाव पाहिलं. त्यांच्यातली निघाली."

"अगंबाई. मग?"

"मग काय. आम्ही तसलं काही मानत नाही. पण स्वयंपाकघर म्हटलं की कसंतरीच होतं ना. भांडी वेगळी दिली. गणपतीला वर बोलावलं नाही. दिसायला स्वच्छ आहे हो, पण शेवटी घरचं वळण ते घरचं वळण."

माझ्यापासून चार फुटांवर. आवाज खाली न आणता. इथे मराठी कोणाला कळतंय, या भरवशावर.

डॉक्टरकाका मोबाईलवर स्कोअर बघत होते. त्यांनी ऐकलं. मान वर केली नाही.

मग मैत्रिणीला फोटो काढावासा वाटला. काकू उठल्या, कठड्यापाशी आल्या आणि मला मिठी मारली. चांगली घट्ट. गाल माझ्या छातीवरच्या केसाळ कापडाला लावला. "किती गोड आहे हा," म्हणाल्या. वर्षभर ज्या बाईने माझ्या हाताला हात लागेल असं काही दिलं नव्हतं, पत्रसुद्धा जिन्याच्या पायरीवर ठेवून "ठेवलंय गं" म्हणून वर जायची, ती बाई मला कवटाळून कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

आणि मी काय केलं? हात हलवला. दोन्ही हात. नियमाप्रमाणे. पोरं खिदळली. मी बूट आपटत नाचलेसुद्धा.

याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या बोलल्या त्याची नाही. मी नाचले त्याची.

मूसच्या हातांना बोटं नसतात. डोळे पुसता येत नाहीत. ब्रेक संपल्यावर मी स्टँडखालच्या खोलीत गेले, मुंडकं काढलं आणि ट्रेसी शोधत येईपर्यंत तिथेच बसले.

मी या गावात इथलं कॉलेज संपवून नोकरीसाठी आले. लंडनपासून, म्हणजे कॅनडातल्या लंडनपासून, दीड-दोन तासांवरचं हे गाव. एक धान्याचा कारखाना, दोन चर्च, एक ग्रोसरी आणि हे बेसबॉलचं मैदान. मराठी माणसं म्हणाल तर रिटायर झालेले डॉक्टरकाका आणि काकू. बस. पहिल्या दिवशी काकूंनी वरून हाक मारली, "अगं, वरण-भात खाशील का?" आणि मी जिन्यातच रडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला मराठीत जेवायला बोलावत होतं. मी तेव्हा नुसतं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं नाही. विचारलं तर "वर्ध्याची" म्हणून वेळ मारून नेली. आम्ही बौद्ध. आमच्या आडनावावरून आमच्याकडे शाळेच्या पहिल्या दिवसापासून सगळं कळतं. इथे सात समुद्र ओलांडून आल्यावर तरी कळू नये, असं वाटलं. चूक माझीच. मी लपवलं म्हणजे लपवण्यासारखं आहे, हे मीच कबूल केलं.

मग कॉलेजचं पत्र आलं. पाकिटावर माझं पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीवर एक खोका. त्यात प्लास्टिकच्या दोन प्लेटा, एक वाटी, दोन चमचे, एक कप. वर चिठ्ठी, "तुझ्यासाठी. वरच्यांत मिक्स नको व्हायला." खाली हसरा चेहरा काढलेला.

मी तोंडातून ब्र काढला नाही. का, ते सांगते. वरून फोनवरची मराठी ऐकू यायची. काकू मुंबईच्या बहिणीशी बोलायच्या, काका बातम्या लावायचे. मी खाली गादीवर पडून ऐकायची. तेवढीच मराठी होती मला गावात. ती सुटेल म्हणून मी त्या कपातला चहा वर्षभर प्याले. आई फोनवर विचारायची, "आपल्याकडचं कोणी आहे का वो तिकडे? जेवायला बोलावतात का?" मी म्हणायची, "हो ना, नेहमीच."

मिठीनंतरच्या आठवड्यात ट्रेसीने मला दुसरं काम दिलं. टीमचा जुना इतिहास भिंतीवर लावायचा होता. स्टँडखालच्या खोलीत खोक्यांवर खोकी. फोटो, पत्रकं, पेपरची कात्रणं. ट्रेसी म्हणाली, "फोटोंखाली नावं लिही. कोणाचं नाव राहायला नको."

मला ते काम आवडलं. खोलीत कोणी यायचं नाही. या टीमचे खेळाडू एका उन्हाळ्यापुरते येतात. टेक्सासचे, डोमिनिकनचे, क्यूबेकचे. गावातल्या लोकांच्या घरी, बेसमेंटमध्ये राहतात. मोठ्या टीमने बोलवावं म्हणून तीन महिने जीव काढतात, आणि बहुतेक जण परत घरी जातात. जुन्या काळी फर्निचरच्या कारखान्यातले कामगार खेळायचे. सुतार पिचर, पॉलिश करणारा कॅचर. एकाची तीन बोटं करवतीत गेलेली, तरी तो खेळायचा. प्रत्येकाचं नाव मागे पेन्सिलने लिहिलेलं. मी ती नावं वाचायची, मोठ्याने. खोलीत तेवढाच माणसाचा आवाज.

एका फोटोपाशी मी अडले. त्या काळी टीमच्या नावात 'इंडियन' होतं. इथले मूळचे लोक, ते इंडियन. फोटोत नऊ खेळाडू, कोच, कोचचा कुत्रा आणि कडेला एक तरुण, डोक्यावर पिसांचा मोठा टोप, हातात खोटी कुऱ्हाड. मागे सगळ्यांची नावं. कुत्र्याचं नाव बडी. पिसांवाल्याच्या जागी नुसतं 'चीफ'.

कुत्र्याला नाव होतं.

मी फोटो ट्रेसीला दाखवला. ती म्हणाली, "तो युजीन. अजून येतो मॅचला. तिसऱ्या बेसच्या वरच्या रांगेत. स्वतःची उशी आणतो."

पुढच्या मॅचला मी मूसचा ड्रेस चढवण्याआधी वर गेले. ऐंशीच्या पुढचे आजोबा, गुडघ्यावर स्कोअरची वही. मी फोटो पुढे केला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे.

"यू आर इंडियन?"

"येस."

"मी टू," म्हणाले आणि हसले.

गावाबाहेर त्यांच्या लोकांना नेमून दिलेली जमीन आहे. तिला रिझर्व्ह म्हणतात. आमची वस्ती गावाबाहेर, तसंच. युजीन तिथून चालत इथे आले होते, खेळाडू म्हणून निवड व्हावी म्हणून. सेकंड बेसला, मैदानातल्या दुसऱ्या गादीपाशी खेळायचे. कोचने दोन तास खेळवून पाहिलं आणि म्हणाला, पोरा, चांगला खेळतोस, पण सेकंड बेसला माणूस आहे आमच्याकडे. नाचायला चीफ हवाय. मग पिसं चढवली. ती पिसंसुद्धा त्यांच्या लोकांची नव्हेत, दुकानातली. दोन उन्हाळे इनिंगच्या मध्ये नाचले. लोक सिनेमातल्या इंडियनांसारखे तोंडावर हात आपटून ओरडायचे.

मी विचारलं, "मग सोडलं कसं?"

"बसलो."

"म्हणजे?"

"मॅचच्या मध्ये नाचत नाचत सेकंड बेसवर गेलो आणि त्या गादीवर बसलो. टोप काढून मांडीवर ठेवला. अंपायर आला, कोच आला. लोक आधी हसले. मग शिव्या द्यायला लागले. मी बसून राहिलो. मला जिथे बसायचं होतं तिथे बसून झाल्यावर उठलो आणि घरी गेलो."

"आणि परत बघायला येता? इथेच?"

त्यांनी मैदानाकडे हात केला. "गेमने माझं काय वाकडं केलं होतं?"

मी त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, मी लिहिलेलं तपासलं. एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करायला लावलं. कोणी माझं आडनाव चुकवलं तर मी म्हणायची, चालेल, राहू द्या. कोणी विचारलंच नाही तर बरं वाटायचं.

ऑगस्टमध्ये लंडनच्या मराठी मंडळाची पिकनिक मैदानावर आली. चाळीसेक माणसं, बायका, पोरं. काकूंनीच ठरवलेली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही होते, पण पिकनिकचं कोणी मला वेगळं सांगितलं नाही. ब्रेक झाला. सगळे मराठीत बोलतायत, हसतायत, चकल्यांचे डबे फिरतायत. मी जाळीतून बघत होते. खरं सांगते, मला त्या घोळक्यात जाऊन बसावंसं वाटत होतं.

"मूसबरोबर फोटो," काकू म्हणाल्या आणि पुन्हा मला मिठी मारली. गाल पुन्हा छातीवर.

मी मुंडक्याच्या आतून म्हटलं, "काकू, मी आहे. खालची."

त्यांचे हात सुटले. चटका बसल्यासारखे. तेच बघायचं होतं मला, आणि बघून बरं वाटलं नाही.

मी मुंडकं काढलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले. समोर एक लहान मुलगी रडायला लागली, मूस मेला म्हणून. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. बाकी कोणाबद्दल नाही.

"अगं, तू?" काकू म्हणाल्या. "आधी सांगायचं नाही का?"

"जुलैत तुम्ही माझ्याबद्दल बोललात तेव्हा मी इथेच होते. या ड्रेसमध्ये. भांडी वेगळी का दिलीत ते मैत्रिणीला सांगितलंत. आज या सगळ्यांना सांगा."

चकल्यांचा डबा एकीच्या हातात तसाच.

डॉक्टरकाका उठले. हळू आवाजात म्हणाले, "हे बघ बेटा, लोकांसमोर तमाशा नको. घरी बोलू."

"घर तुमचं आहे. इथेच बोलू."

आणि मी माझं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. शाळेत हजेरीला द्यावं तसं मोठ्याने. आडनाव ऐकून दोन-तीन चेहरे खाली गेले. मागच्या रांगेतला एक तरुण, नेहमी ग्रुपवर विनोद टाकणारा, माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने नजर चोरली. मला वाटतं तोही आमच्यातलाच. तो बोलेल म्हणून मी थांबले. तो बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. वर्षभर मी कुठे बोलले होते?

ट्रेसीने ड्रेस काढून घेतला. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. ती वाईट बाई नाही, तिला खरंच कळलं नाही की मी का बोलले. मी समजावलं, ती म्हणाली, "बट यू आर ऑल इंडियन, राइट?" सीझन संपेपर्यंत खोक्यांचं काम तेवढं ठेवलं. बेसमेंट मी त्याच आठवड्यात सोडलं. प्लास्टिकचा खोका धुऊन, पुसून जिन्याच्या पायरीवर ठेवला. आता कारखान्याजवळ दोन फिलिपिनो नर्सेसबरोबर राहते. चांगल्या आहेत, पण शिफ्टमुळे भेट होत नाही. मंडळाच्या ग्रुपवरून माझं नाव काढलं. कोणी काढलं ते कोणी सांगत नाही. एकाही माणसाचा फोन आला नाही.

आईला मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "काहून राहिली तू तिथं इतके दिवस?"

युजीनच्या फोटोखाली मी पूर्ण नाव टाईप केलं. खाली काय लिहू, विचारलं तर म्हणाले, "सेकंड बेस." ट्रेसी म्हणते, तो टीमकडून कधी खेळलाच नाही, तर कमिटी ठरवेल. मी सांगून टाकलंय की ते नाव 'सेकंड बेस'सकट लागलं नाही तर एकाही फोटोखालचं नाव माझ्याकडून मिळणार नाही.

आता आठवडेच्या आठवडे माझ्या कानावर मराठी पडत नाही. झोपेत बोलत असेन तर तेवढीच. जीव कासावीस होतो, खोटं कशाला बोलू? काल ग्रोसरीत एक नवं मराठी जोडपं दिसलं, कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालत होतं. पाय आपोआप तिकडे वळले. मी जाऊन आधी माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव खणखणीत. मग म्हटलं, कोथिंबीर शुक्रवारी ताजी येते. बाई हसली. नवऱ्याने आडनाव ऐकलं आणि ट्रॉली थोडी मागे घेतली.

घेऊ दे. पुढच्या वेळी दिसले तरी मी आडनावच आधी सांगणार.