आधी श्वास, मग भांडण

उजव्या हाताचा पंजा समोरच्या माणसापुढे धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांबा. आधी श्वास घेते, मग भांडते." बाईंचं हे वाक्य नाशिक रोडच्या आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आणि बाई शब्दाला जागायच्या. श्वास घेऊन झाला की भांडायच्याच.

त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. कॉलनीतही आमची दारं समोरासमोर, दुसऱ्या मजल्यावर. बाईंना लहानपणापासून दमा. दम्याची माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपला त्रास लोकांना नको म्हणून ती कोपऱ्यात, तोंडाला पदर लावून खोकतात. बाई वर्गाच्या मधोमध उभ्या राहून खोकायच्या.

दम्यापेक्षा त्यांना दम्यावरच्या उपायांचा संताप होता. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे काचेचा एक फवारा होता. रबरी फुगा दाबायचा आणि औषध तोंडानं ओढायचं. "दम लागलेल्या माणसानं फुगा दाबत बसायचं, हे ज्याला सुचलं त्याला मला एकदा भेटायचंय," असं त्या म्हणायच्या. फवारा पुरेनासा झाला की डॉक्टरांकडे जाऊन शिरेतून इंजेक्शन.

एकदा कुणाच्या तरी आग्रहानं त्यांनी एका वैदूच्या पुड्या घेतल्या. गुण आला. दम थांबला, पण चेहरा भरत भरत गोल गरगरीत झाला. शिक्षकखोलीत सगळे म्हणाले, "बाई, तब्येत सुधारली." डॉक्टरांनी मात्र पाहताक्षणी ओळखलं की पुडीत स्टेरॉइड कुटून घातलंय. त्या पुड्यांतून बाईंना सोडवायलाच डॉक्टरांना कितीतरी महिने लागले. सुटल्यावर बाई एसटीनं वैदूच्या गावी गेल्या. भर बाजारात उरलेल्या पुड्या त्याच्यापुढे ओतल्या आणि म्हणाल्या, "आता तू खा."

घरी वापरायचं नेब्युलायझर नावाचं यंत्र असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं. मेन रोडवरच्या एका दुकानदारानं "हेच ते" म्हणून यंत्र काढलं. बाईंनी ते तिथंच सुरू करायला लावलं. पाणी उकळून वाफ यायला लागली. बाई म्हणाल्या, "हे चहाला चालेल. मला वाफ नकोय. हवेच्या दाबानं औषधाचं धुकं व्हायला हवं, फुप्फुसात खोल उतरणारं." दुकानदार म्हणाला, "ताई, वाफ काय, धुकं काय, सारखंच." मग तो पुढचा बराच वेळ ऐकत बसला.

शेवटी आखातात नोकरीला असलेल्या दिरानं यंत्र आणलं. बाईंनी त्याला आधीच बजावलं होतं: आपल्या विजेवर चालणारंच आण, आणि नळी, औषधाची कुपी, मास्क जास्तीचे आण, इथं तुटलं तर कुणाच्या तोंडाकडे बघू? रेडिओएवढा तो डबा सुरू झाला की जिन्यापर्यंत घरघर ऐकू यायची. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध सलाइनमध्ये मिसळायचं, ताठ बसायचं, सावकाश श्वास घ्यायचा. नंतर कुपी आणि मास्क धुऊन, स्वच्छ फडक्यावर पूर्ण वाळवायचे. त्या फडक्याला कुणी हात पुसले की भांडण. औषधानं बाईंचे हात थरथरायचे. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना खडू हलायचा. मुलं हसली की म्हणायच्या, "आज किनारा जरा जास्तच दंतुर झालाय. काढून घ्या."

वीज जायची, म्हणून रेल्वेत फिटर असलेल्या त्यांच्या यजमानांनी डॉक्टरांना विचारून एक तोड काढली. मोटारीच्या चाकात हवा भरायचा पायपंप त्यांनी नळीला जोडून दिला. पायानं दाबत राहिलं की तेच धुकं.

बाईंच्या खालच्या घरात अण्णा राहायचे, निवृत्त हेडक्लार्क. यंत्राच्या आवाजानं झोप मोडते आणि दम्याचे जंतू पसरतात, अशी तक्रार त्यांनी कॉलनीच्या कमिटीकडे केली होती. दमा जंतूंनी पसरत नाही, हे डॉक्टरांनी येऊन सांगितलं तरी त्यांचं समाधान झालं नाही. बाई बौद्ध होत्या. इतक्या वर्षांत अण्णांनी त्यांच्या घरचा चहा एकदाही घेतला नव्हता. विचारलं की म्हणायचे, "मला आम्लपित्त आहे." माझ्या घरी तेच अण्णा दोन कप प्यायचे.

या अण्णांची सून मंदा, कळवणकडची. तिला दमा होता आणि ते घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं, कारण अण्णांच्या मुलीचं लग्न जमायचं होतं. दमेकऱ्याचं घर म्हटलं तर कोण येणार? मंदाच्या धापेला घरात "सर्दी" म्हणत. एका दुपारी ती जिन्यात बसलेली बाईंना सापडली. "बाई, लय दाटतंय," एवढंच बोलू शकली. बाईंनी तिला रिक्षात घालून आपल्या डॉक्टरांकडे नेलं. तेव्हापासून दुपारी, आमची सकाळची शाळा सुटली आणि अण्णा बाहेर पडले, की मंदा वर यायची. तिच्यासाठी बाईंनी नवी कुपी आणि नवा मास्क काढून दिला होता. "माझा मास्क मी सख्ख्या बहिणीलाही देणार नाही," म्हणायच्या.

मग अण्णांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरलं. घराला चुना दिला. त्या धुळीनं मंदाची छाती धरली, आणि नेमके पाहुणे बसलेले असताना तिचा दम उसळला. सासूनं तिला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. पाहुण्यांना आवाज जाऊ नये म्हणून.

बाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती शिट्टीसारखी धाप ऐकू आली. वीज गेलेली होती. त्यांनी मला हाक मारली, पायपंप माझ्या हातात दिला आणि औषध, मंदाची कुपी, मास्क घेऊन त्या खाली निघाल्या.

अण्णा दारातच उभे. "आत पाहुणे आहेत. नंतर या."

"तिला श्वास लागलाय, अण्णा."

"आम्ही बघतो. ते तुमचं... तोंडाला लागलेलं..."

"तिचा मास्क वेगळा आहे. तिच्याशिवाय कुणाच्या तोंडाला लागलेला नाही."

अण्णा तरीही हलले नाहीत. एक पाऊलही नाही. त्या दारात मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आम्लपित्ताचा अर्थ मला पुरता कळला. तो राग माझ्यात आजही तसाच आहे. बाई तर तो अर्थ जन्मापासून ओळखत होत्या.

"मास्क नाही खुपत तुम्हाला," बाई म्हणाल्या. "हात खुपतोय. पोरगी मेली तरी चालेल, पण या हाताचं नको. सांगा की पाहुण्यांना, मोठ्यानं सांगा." आणि खांद्यानं अण्णांना बाजूला सारून त्या पाहुण्यांच्या मधून, मागच्या खोलीची कडी काढून आत गेल्या.

मंदाचे ओठ निळसर झाले होते. बाईंनी तिला टेकवून बसवलं, मास्क लावला. मी पाय मारत राहिले. बाईंना स्वतःलाच धाप लागली होती, तरी त्या म्हणत होत्या, "घाई नको. घे. सोड. पुन्हा घे." तिच्या मानेच्या शिरा जरा सैल झाल्या, तसं आम्ही तिला इस्पितळात नेलं. रिक्षातही मी पंप मारत होते.

मंदा वाचली. पाहुण्यांनी नकार कळवला. अण्णांनी कॉलनीभर सांगितलं की बाईंनी सूड घेतला. "मास्तरणीला जरा सबुरी हवी होती," असं शिकलेली माणसंसुद्धा म्हणाली. कडी कुणी लावली, हे एकानंही विचारलं नाही. बरी झाल्यावर सासरच्यांनी मंदाला माहेरी पोचवलं आणि परत आणलं नाही. बाई एसटीनं कळवणला गेल्या, पायपंप तिच्याकडे ठेवला, तिच्या आईला तो मारायला शिकवला. पुढं मंदा तिथंच अंगणवाडीत लागली.

काही वर्षांनी, ऐन थंडीत बाईंना न्यूमोनिया झाला. यंत्र श्वासाची वाट मोकळी करायचं. या दुखण्यापुढे त्याचं काही चाललं नाही. बाई इस्पितळातच वारल्या.

शाळेत शोकसभा झाली. कॉलनीतर्फे अण्णा बोलले. शुभ्र धोतर, हात जोडलेले. "बाई फार शांत, फार सोशिक होत्या," ते म्हणाले. "एवढा आजार, पण कधी तक्रारीचा शब्द नाही." लोक माना डोलवत होते. मी मुठी आवळून बसले होते.

मागच्या बाकावरून मंदा उठली. ती आलेली मला माहीतही नव्हतं.

"सोशिक नव्हत्या," ती म्हणाली. "बाई लय चिडायच्या. त्या चिडल्या म्हणून मी हाय."

एवढं बोलून ती खाली बसली. अण्णा जोडलेले हात सोडून खुर्चीवर जाऊन बसले. मग मुख्याध्यापकांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.