हर्डमानियाची बाजू

माझी मुलगी रावेतच्या एका खासगी शाळेत हंगामी शिक्षिका होती. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली नाही, तर जूनपासून ती नोकरीही राहणार नव्हती. आणि ती एका गुणाने अडकली होती! ज्या प्रश्नाने घात केला तो असा : पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा नातलग कोणता? उत्तरसूची म्हणत होती, ॲम्फिऑक्सस. मुलीने लिहिले होते, हर्डमानिया.

मी हर्डमानियाचे चित्र पाहिले. समुद्रात खडकाला चिकटलेली एक पिशवी. पाणी आत ओढते, गाळते, बाहेर सोडते.

"ही आपली नातलग?"

"पप्पा, तिचं बालपण बघा."

पाहिले, आणि खुर्चीतून उठलोच. ही पिशवी डिंभावस्थेत चक्क पोहते! तिला शेपूट असते आणि शेपटीत पृष्ठरज्जू. आपल्या गर्भात कण्याच्या आधी तयार होतो तोच लवचिक दंड. पुढे ती डोके खडकाला टेकवून बसते आणि शेपूट जिरवून टाकते. चाकणच्या कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मी अर्धे आयुष्य हेच मांडत आलो होतो : माणसाच्या आजच्या हुद्द्यावरून त्याचा हक्क ठरवू नका, तो रुजू कसा झाला ते तपासा.

"जिंकलो!" मी म्हणालो.

"कुठलं जिंकलो? ॲम्फिऑक्ससला तर पृष्ठरज्जू जन्मभर असतो. दिसतोही माशासारखा. म्हणूनच जुन्या पुस्तकांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं. जनुकं जुळवून पाहिली तेव्हा हर्डमानियाचा गट जवळचा निघाला."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना!"

त्याच बैठकीत मी हरकत लिहिली. तीत 'अक्षम्य बेजबाबदारी' होती, 'नैसर्गिक न्यायाची पायमल्ली' होती. मुलीने दोन्हींवर काट मारली. "पप्पा, हा हरकत अर्ज आहे, गेटवरची सभा नाही." मग तिने नव्या ग्रंथांतील उतारे जोडले आणि अर्ज दाखल केला.

सुधारित उत्तरसूची आली. मुलगी जिन्यातूनच ओरडत वर आली, "पास! पप्पा, पास!" मी तिला पेढा भरवला, मग चष्मा लावून तो निर्णय वाचला. दोन्ही पर्याय ग्राह्य!

"दोन्ही? 'सर्वांत जवळचा' एकच असू शकतो! हा निर्णय आहे की तडजोड?" मी कोरा कागद ओढला.

तिने माझा हात धरला. "आणि पुन्हा तपासताना त्यांनी एकटा ॲम्फिऑक्ससच बरोबर धरला तर? नोकरी कोणाची जाईल, त्याची?"

मी पेनाला टोपण लावले. मात्र तिला स्पष्ट बजावले आहे : तुझे कायम नियुक्तीचे पत्र हाती पडू दे, दुसऱ्या दिवशी माझी हरकत जाईल. हर्डमानियाला मिळालेला अर्धा न्याय मला मान्य नाही.