आक्काच्या पाठीवरचं बोट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टर उडवली आहे. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे, उतारे आमच्या घरात कधी चालले नाहीत. तरी हे लिहितोय, आणि खरं सांगायचं तर रागाने लिहितोय...

मी कारेगावला कंपनीत आहे. थोरली बहीण, आक्का, दौंडजवळ राहते, शेवंती तोडायला जाते. तिच्या कमरेवर, मांड्यांवर खाजरे लाल चट्टे उठले. एक डॉक्टर म्हणाला गजकर्ण. दुसरा म्हणाला शेवंतीची अ‍ॅलर्जी. मेडिकलवाला तर दोघांच्या वरताण — काही न विचारता स्टिरॉइडची ट्यूब काढून द्यायचा! लावली की चट्टा फिका, थांबवली की पुन्हा हजर. यातच वर्षं गेली. शेवटी पुण्यात बायोप्सी केली, कातडीचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट साधा एक्झिमा! कारण आमच्या बाईसाहेब अगदी निघेपर्यंत रोज अंगाला ट्यूब चोपडत होत्या, आणि ट्यूबने खरा आजार तपासणीत दडतो.

"डागदरासमोर असलं घाण अंग कसं उघडं करायचं रं?" म्हणाली. ट्यूब लावून येऊ नका, हे तिला एकानेही सांगितलं नव्हतं!

चट्टे हटेनात, म्हणून पुन्हा बायोप्सी ठरली; या वेळी मी आत थांबलो. भरदुपार, लख्ख उजेड. आक्का पालथी झोपलेली, हात उशाखाली. नव्या डॉक्टरबाई मांडीवरचा तुकडा घेणार, तेवढ्यात आक्का ओरडली, "कोण दाबतंय पाठीत? बोट काढा की!"

कोणीच दाबत नव्हतं. पण पाठीच्या मधोमध बोटाएवढा खळगा पडला होता... आणि आमच्यादेखत आणखी खोल जात होता. सिस्टर मागे सरकली. डॉक्टरांनी हात लावला तसा तो भरून आला. तिथे एक फिकट चट्टा होता, सहज नजरेतून सुटेल असा. बाईंनी तुकडा तिथलाच घेतला.

रिपोर्ट आला — कातडीतला टी-सेल लिम्फोमा. कॅन्सर. डॉक्टर म्हणाल्या, पाठीच्या मधे तिचा हात पोचत नव्हता, म्हणून तिथे ट्यूब लागली नव्हती. मांडीवर इतक्या वर्षांच्या ट्यूबमुळे आजार कदाचित पुन्हा लपला असता. हे पटलं. पण बोट कोणाचं? "खळगा मीही पाहिला," एवढंच त्या बोलल्या.

आता उपचार सुरू आहेत. पण गाठी यायला लागल्यात. आधी कळलं असतं तर सोपं होतं म्हणे. शेजारपाजारचे म्हणतात, तुमची वारलेली आईच आली असंल, हात जोड. आक्का जोडते. मी नाही जोडत. आई, तूच असशील तर सांग — जागा माहीत होती ना तुला? मग इतकी वर्षं काय बघत बसली होतीस?